नदीकाठची मळी : गुण, उपयोग आणि राखण

(ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, प्राथमिक शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी मेजावरील या तीन काचेच्या बरण्या मी आपल्यासमक्ष हलवून ठेवतो. पहिल्या बरणीत माळरानाची माती आहे, दुसरीत कृष्णाकाठच्या मळीची आणि तिसरीत नदीपासून दूर असलेल्या काळ्या रानाची. प्रत्येकीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि ढेकळे विरघळावीत म्हणून चिमूटभर धुण्याचा सोडा घातला आहे. माझे बोलणे चालू असताना आपण अधूनमधून या बरण्यांकडे दृष्टी टाकावी, एवढीच विनंती. मी कृषिशास्त्राचा पदवीधर नव्हे. माहिती खात्यात नोकरी करणारा कलाशाखेचा माणूस आहे. त्यामुळे जे मी सांगणार आहे त्यातले बरेचसे शेतकऱ्यांकडून आणि कृषी विभागातील मंडळींकडून शिकलेले आहे. काही चुका करून शिकलो आहे. त्यांपैकी एक चूक पुढे सांगेन.

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. साखर कारखान्यातून बाहेर पडते तिलाही आपण मळी म्हणतो. तिचा आजच्या विषयाशी काही संबंध नाही. नदीला पूर येऊन गेल्यावर काठावर जो मऊ, बारीक गाळ साचतो आणि पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून ज्याची जमीन बनते, ती मळीची जमीन. कोणी तिला मळई म्हणतात, कोणी पोयट्याची जमीन. सातबाऱ्यावर तिची नोंद कशीही असो, कृष्णाकाठच्या माणसाला मळीचा तुकडा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सोयरीक जुळवताना पूर्वी त्याची चौकशी होत असे.

ही जमीन होते कशी? सह्याद्रीचा काळा पाषाण ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी झिजतो. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा हा झिजलेला माल घेऊन खाली येते. कऱ्हाडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. घाट उतरताना पाण्याला वेग असतो, म्हणून दगडगोटेही वाहतात. सपाटीवर आल्यावर वेग मंदावतो आणि नदी ओझे टाकू लागते. पुराचे पाणी काठ ओलांडून पसरते तेव्हा तर वेग एकदम तुटतो. मग जड वाळू काठाशीच बसते, तिच्यापलीकडे मध्यम बारीक कण बसतात आणि सर्वांत सूक्ष्म, चिकट माती मागच्या सखल भागात पाणी निवळेपर्यंत तरंगत राहून शेवटी खाली येते. म्हणजे नदी आपला माल चाळून तीन पट्ट्यांत मांडते. मधला पट्टा तो मळीचा. अर्थात पूर दरवर्षी सारखा येत नाही, प्रवाह बाजू बदलतो, म्हणून एकाच शेतात खोदत गेल्यास वाळूचा, पोयट्याचा आणि चिकणमातीचा थर एकाखाली एक सापडू शकतो.

आता ती चूक. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांच्या वर पातळी गाठली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरल्यावर एका गावात गेलो असता शेतांवर चढलेला थर पाहिला आणि माझ्या टिपणात उत्साहाने लिहिले की, हानी मोठी झाली असली तरी नदीने शेतकऱ्यांना सुपीक गाळाची देणगी दिली आहे. ते टिपण मी चावडीत वाचून दाखविले. एक वृद्ध गृहस्थ काही न बोलता उठले आणि मला आपल्या शेतात घेऊन गेले. तेथे दीड हात थर होता. त्यांनी मूठभर उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ''सायेब, ह्यो गाळ न्हवं, वाळू हाय. हिची मळी व्हायला माझ्या नातवाचा नातू यावा लागंल.'' मी टिपण फाडले. वाळूचा थर हलवण्याच्या खर्चाची मागणी त्या गावाने केलेलीच होती. माझे ते वाक्य छापले गेले असते तर त्या मागणीच्या आड आले असते. पुराने दिलेला प्रत्येक थर देणगी नसतो आणि अधिकाऱ्याने पंचनामा करताना माती बोटांत घेऊन पाहिली पाहिजे, हा धडा मी तेथे शिकलो.

बोटांत घेऊन काय पाहावयाचे? माती ओली करून अंगठा व तर्जनी यांमध्ये चोळावी. वाळू खरखर लागते. चिकणमाती बोटांना चिकटते आणि तिची लांब पट्टी ओढता येते. पोयटा पिठासारखा मऊ लागतो, पण त्याची पट्टी ओढू गेल्यास ती तुटते. शास्त्रज्ञ हेच मापात सांगतात : ०·०२ मिलिमीटरहून मोठा कण तो वाळूचा, ०·००२ मिलिमीटरहून लहान तो चिकणमातीचा आणि या दोहोंमधला तो पोयट्याचा. या बरण्यांत हेच घडत आहे. पाण्याच्या पृष्ठभागापासून दहा सेंटिमीटर खोलीपर्यंतची सर्व वाळू साधारणपणे पाच मिनिटांत खाली जाते. पोयट्याला तेवढेच अंतर उतरण्यास सुमारे आठ तास लागतात आणि चिकणमाती त्यानंतरही पाणी गढूळ ठेवते. पहिल्या बरणीच्या तळाशी भरड थर एव्हाना दिसू लागला असेल. शिक्षक मंडळींना सांगावेसे वाटते की, या प्रयोगास शाळेत कोणतेही अनुदान लागत नाही. बरणी आणि मोजपट्टी पुरते. सकाळी प्रार्थनेच्या वेळी बरणी हलवावी, शाळा सुटताना थरांची उंची मुलांकडून मोजून घ्यावी. आपल्या गावच्या शिवारात माती किती तऱ्हेची आहे, हे मुलांना नकाशापेक्षा यातून लवकर कळते.

मळीचा मोठा गुण म्हणजे ती पाणी धरते आणि पिकाला देतेही. वाळूतून पाणी निसटते. काळी चिकण जमीन पाणी भरपूर धरते, परंतु त्यातील पुष्कळसे इतके घट्ट धरते की मुळांना ते ओढता येत नाही. पोयट्याच्या एक फूट खोल थरात पिकाला उपलब्ध होणारे पाणी साधारण दोन इंच असते. वाळूत ते एका इंचाच्याही आत राहते. शिवाय मळीची जमीन खोल असते, मूळ अडत नाही, उन्हाळ्यात काळ्या रानासारख्या हात जाईल अशा भेगा पडत नाहीत आणि पावसानंतर वाफसा लवकर येतो. पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर शाळू आणि हरभरा पदरात टाकणारी जमीन ती हीच. कृष्णाकाठची वांगी नावारूपाला आली त्यात बियाण्याइतकाच या मातीचा वाटा आहे. हळद, केळी, भुईमूग, भाजीपाला यांनाही निचऱ्याची भुसभुशीत जमीन मानवते. भुईमुगाची शेंग उपटताना मळीतून अख्खी येते. काळ्या रानात निम्म्या शेंगा मातीत राहतात, हे कोणतीही शेतमजूर बाई आपल्याला सांगेल.

दोषही सांगितले पाहिजेत. जोराचा पाऊस पडून ऊन तापले की मळीच्या पृष्ठभागावर पापुद्रा धरतो आणि उगवणारा कोंब त्याखाली अडतो. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घातला तर नांगराच्या तळाशी टणक थर बनतो. पोयट्याच्या कणांची एकमेकांवरची पकडही ढिली असते, त्यामुळे वाहत्या पाण्यात ही माती सर्वांत आधी निघून जाते. या तिन्ही दोषांवर सेंद्रिय खत हा एकच मुख्य उतारा आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. माती काळी म्हणजे ती खतावलेली, असे आपण मुलांना शिकवतो. अमेरिकेच्या मध्यभागी, आयोवा व इलिनॉय या राज्यांत, प्रेअरी नावाची विस्तीर्ण गवताळ मैदाने होती. तेथील मातीबाबत हे विधान बरोबर ठरते. हजारो वर्षे उंच गवताची मुळे त्या मातीत कुजत गेली आणि तिचा काळेपणा त्या कुजलेल्या अंशाचा आहे. आपल्या काळ्या जमिनीचा रंग मुख्यतः तिच्या खनिजांचा आणि चिकणमातीशी एकजीव झालेल्या अल्पशा सेंद्रिय अंशाचा. उष्ण हवेत पालापाचोळा लवकर जळून जातो, म्हणून आपल्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खाली असतो. म्हणजे मळीत किंवा काळ्यात जो अर्धा-पाऊण टक्का शिल्लक आहे, त्यावरच सारा संसार चालला आहे.

मळीचा शेतीबाहेरचा एक उपयोग मला फार वेधक वाटतो. हरिपूरला हळद साठविण्याची पेवे आहेत. जमिनीत वीस फूट आणि त्याहूनही खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे. आत हळद भरून तोंड मातीने बंद करावयाचे. तेथील माती घट्ट व कोरडी असल्याने पेवाला बांधकाम करावे लागत नसे आणि हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिकत असे. पेव उघडल्यावर आतली हवा बदलेपर्यंत थांबून मगच माणूस उतरविला जाई. नदीपासून हाकेच्या अंतरावर जमिनीच्या पोटात कोरडी कोठारे असावीत, यावर परगावच्या माणसाचा विश्वास बसत नाही. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, हळद भिजली, पेवांची मोठी हानी झाली आणि पुष्कळशी त्यानंतर वापरातून गेली. गोदामांनी त्यांची जागा घेतली आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या कीर्तीत या पेवांचाही भाग आहे, हे आपल्या नव्या पिढीला ठाऊक असावे.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा विषय निवडला त्याकडे वळतो. मळीची माती शेताला चांगली, तशीच ती विटेलाही चांगली. वाळू आणि चिकणमाती यांचे तिच्यातील प्रमाण असे असते की, वीट थापताना सोपी जाते आणि भाजताना फारशी तडकत नाही. घरे वाढली, विटांची मागणी वाढली आणि नदीकाठची शेते फुटाफुटाने विकली जाऊ लागली. यात शेतकऱ्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. एका गावी एका शेतकऱ्याने मुलीचे लग्न आणि दवाखान्याचे देणे एकाच वर्षी अंगावर आले तेव्हा एकरभर मळीची अडीच फूट माती भट्टीवाल्यास दिली. जमीन विकली नाही, फक्त माती दिली, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील पावसाळ्यात ते शेत शेजाऱ्यांच्या शेतांपेक्षा अडीच फूट खाली होते. चहूबाजूंचे पाणी त्यात साचले. शेजारच्या बांधाला आधार राहिला नाही, तो ढासळला आणि त्याबरोबर शेजाऱ्याची पाण्याची नळ उघडी पडून तुटली. दोन कुटुंबांत अजून बोलणे नाही. म्हणजे एकाच्या संमतीने झालेला व्यवहार प्रत्यक्षात दोघांच्या जमिनीचा होता.

हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एक फूट माती काढली तर ४३५ ब्रास होते. नऊ इंच लांब, चार इंच रुंद, तीन इंच जाडीची वीट धरल्यास हे आकारमान सुमारे सात लाख विटांएवढे भरते. या एक फूट मातीचे वजन दीड हजार टनांच्या आसपास. सेंद्रिय कर्ब केवळ अर्धा टक्का धरला तरी त्यात सात-आठ टन कर्ब आणि त्याच्याशी निगडित सुमारे ७०० किलो नत्र असते. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यांत सांगावयाचे तर तीस ते पस्तीस पोती. हे नत्र एकदम मिळत नाही, दरवर्षी थोडे थोडे मोकळे होते, हे खरे. पण भट्टीत ते एका दिवसात जळते. मातीचा सौदा ठरविताना ब्रासचा भाव सर्वांना माहीत असतो. हा दुसरा आकडा मात्र कोणी कागदावर मांडलेला मला आढळला नाही. पंचायतीने तो मांडून दाखवावा.

माती काढण्याला एक समर्थनीय बाजूही आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. काठालगतचे काही तुकडे उंच असतात, तेथे पाटाचे पाणी चढत नाही. ते खाली केल्याशिवाय ओलिताखाली येत नाहीत. तसेच कुंभार समाजाचे पिढीजात पोट या मातीवर आहे. अशा वेळी रीत अशी असावी : वरची एक फूट माती प्रथम सोलून बाजूला रास करावी, मग खालची हवी तेवढी माती काढावी, बांधापासून पुरेसे अंतर सोडावे, उतार निचऱ्याच्या बाजूला ठेवावा आणि शेवटी बाजूची माती पुन्हा वर पसरावी. खर्च थोडा वाढतो, परंतु शेत शेत राहते. सौद्याच्या कागदात ही अट लिहून घ्यावी, तोंडी ठेवू नये.

कायद्याच्या बाजूने, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये परवानगीवाचून गौण खनिज काढल्यास दंड होतो आणि विटेची माती त्यात येते. केंद्र शासनाने १९९९ मध्ये काढलेल्या अधिसूचनेचा हेतूच सुपीक वरची माती विटांपासून वाचविणे हा होता. औष्णिक वीज केंद्रांची राख विटांत वापरण्याचे बंधन तिने घातले आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी त्याचे क्षेत्र ३०० किलोमीटरपर्यंत वाढविले. पंचायतींनी निदान आपल्या शाळाखोल्या, समाजमंदिरे आणि घरकुले यांच्या अंदाजपत्रकांत राखेच्या विटांचा अथवा सिमेंटच्या ठोकळ्यांचा दर मागवून पाहावा. स्वतःच्या इमारतीला मळीची वीट लावून ग्रामसभेत मळी वाचविण्याचा ठराव करणे शोभत नाही.

दुसरे संकट हळूहळू येते, म्हणून लक्षात येत नाही. एका एकरात एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. त्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असले तर प्रत्येक इंचागणिक पन्नास किलो क्षार शेतात येतात. उसाला तीन-तीन इंचांच्या वीस पाळ्या दिल्या, तर वर्षाचे तीन टन झाले. मळीचा निचरा मोकळा असेपर्यंत पावसाचे पाणी हे क्षार धुऊन नेते. पण खाली चिकण थर असला, ओढे-नाले बुजवून शेतात घेतले गेले, तर पाण्याची पातळी वर चढते आणि एके उन्हाळ्यात जमिनीवर मीठ फुटते. सांगली-कोल्हापूरकडील नदीकाठच्या गावांना हे सांगणे नको. मातीपरीक्षणात सामू ८·५ च्या वर गेला असेल तर जमीन चोपण होत चालली असे समजावे आणि जिप्समचा विचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा. सामू त्याखाली असून विद्युतवाहकता वाढली असेल तर क्षार धुऊन काढण्याचा आणि निचऱ्याचा उपाय. निचरा एकट्याच्या शेतात होत नाही, कारण पाणी शेवटी कोणाच्या तरी शेतातून जावे लागते. नाल्याची मूळ वाट मोजणीच्या नकाशावर असते. ती मोकळी करून घेणे हे काम ग्रामपंचायतीचे आहे आणि अनेक सरपंचांना ते सर्वांत नकोसे वाटते, हेही मी पाहिले आहे.

धरणे झाल्यापासून वरून येणारा गाळ मोठ्या प्रमाणात जलाशयांतच बसतो, हे येथे ध्यानात घ्यावे. काठावरून गेलेली मळी पूर्वीच्या वेगाने भरून येणार नाही. तलावांतील साचलेला गाळ शेतात नेण्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ पासून आली, तिचा लाभ माळरानाच्या हलक्या जमिनींना चांगला होतो. मात्र गाळ उचलण्यापूर्वी तो बोटांत चोळून पाहावा. नुसती चिकणमाती काळ्या रानात नेऊन टाकण्यात हशील नाही. आणि नदीच्या धारेवरचे गवत व करंज, बांबू यांसारखी झाडी दोन सऱ्या वाढविण्यासाठी काढू नये. पोयट्याचा काठ मुळांनीच धरलेला असतो.

मातीचा नमुना घेताना मळीच्या शेतात थोडी वेगळी काळजी घ्यावी. नेहमीप्रमाणे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीस सेंटिमीटर खोलीचा खड्डा करून नमुना घ्यावाच, पण आणखी दोन फूट खाली जाऊन दुसरा नमुना निराळ्या पिशवीत भरावा व पिशवीवर खोली लिहावी. वरचा थर निरोगी आणि खालचा खारा, असे मळीत पुष्कळदा आढळते.

बरण्या आता पाहाव्यात. पहिलीतील वाळू बसली आहे. दुसरीत तळापासून वर चढत गेलेला करडा थर दिसतो तो पोयटा. तो अजून वाढेल. तिसरी गढूळच आहे आणि उद्या सकाळच्या सत्रापर्यंत बहुधा तशीच राहील. या खोलीतच त्या ठेवणार आहे. कोणी हलवू नयेत.